वाचून विसरायचं असतं

‘प्रायव्हसी हे साहेबाचं खूळ. आपल्याकडे एका वाड्यात दहा बिऱ्हाडं, तिथे कसलं आलंय खाजगीपण!’ असं आमच्या नात्यातल्या तरुण मंडळींचं ठाम मत आहे. दुसऱ्या टोकाला माझा नातू. तो पुण्यात इंजिनीअरिंग शिकतो, जुन्या फोनमधली कंपनीची प्रणाली पुसून तिथे दुसरीच बसवतो आणि ‘आजोबा, मधला सर्व्हरच नको’ असं काहीबाही सांगत असतो. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मी आपला इतिहासाकडे वळलो. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, सवय जाणार कशी? तर मंडळी, आजचा लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

सुरुवात पानिपतापासून करू. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले, माळव्यात भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या बाजूला होते. बातमी त्यांना कुणी दिली? सरदाराने नाही, सरकारी जासुदाने नाही. एका सावकाराचा कासीद दक्षिणेकडे पत्र घेऊन चालला होता. तो वाटेत सापडला आणि पेशव्यांनी ते पत्र फोडलं. आत लढाईचा शब्दही नव्हता. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही, अशा अर्थाचा व्यापारी मजकूर होता. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली पोरं.

हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगायचो आणि मुलं गप्प व्हायची. पण आज त्याकडे वेगळ्या नजरेने पाहा. सावकारांच्या पेढ्यांचं जाळं गावोगाव पसरलेलं. त्याला राजधानी नव्हती, मुख्य कचेरी नव्हती. ही पेढी त्या पेढीला ओळखते, एवढ्या विश्वासावर हुंडीही चालायची आणि निरोपही. मजकूर असा लिहिलेला की वाटेत कुणी फोडला तरी त्याला अर्थ लागू नये. म्हणजे नातू ज्याला मधल्या सर्व्हरशिवायचं जाळं म्हणतो तेही होतं आणि सांकेतिक लिपीही होती. पत्र फोडणारं सरकारही होतं! अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात. तेव्हा हे साहेबाचं खूळ नव्हे, एवढं तरी मान्य करा.

मग साहेब आला आणि टपाल सगळ्यांसाठी झालं. १ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड निघालं, किंमत पाव आणा. स्वस्त, पण उघडं. बंद पाकिटाला जास्त पैसे. म्हणजे खाजगीपणाला तेव्हापासूनच दर लागला म्हणा ना! आणि पाकीट बंद असलं तरी ते उघडायचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवलाच. तारेच्या निरोपांसाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा, टपालासाठी १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा. इंग्रज गेले, कायदे राहिले. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली तरी तारेच्या त्याच कायद्याखाली फोन ऐकले जात होते. आता २०२३ मध्ये दोन्ही विषयांवर नवे कायदे आले आहेत आणि निरोप अडवण्याचं, पाहण्याचं कलम दोन्हींत आहे. प्रत्येक सरकारला हे कलम लागतं. गुन्हेगार आणि दहशतवादीही निरोप पाठवतात, तेव्हा ते अगदीच नको असं मी म्हणणार नाही. कुणाच्या सहीने, किती दिवसांसाठी आणि नंतर तपासणार कोण, हे विचारायला मात्र हवं.

पण कायद्याच्या बरंच खाली, गावात, एक वेगळी रीत होती. १९७४-७५ च्या सुमारास मी नोकरीला लागलो तेव्हा गावाकडच्या कित्येक घरी पत्र यायचं पण वाचणारं कुणी नसायचं. मुलगा मुंबईला, नाहीतर ऊसतोडीला, नाहीतर पलटणीत. मग ती माउली पत्र पदराखाली धरून मास्तरकडे यायची. पत्र वाचून दाखवायचं, उत्तर लिहून द्यायचं. काय काय असायचं त्या पत्रांत! कर्ज, आजार, सुनेची कागाळी, कुणाचं घर सोडून जाणं. आमच्याकडच्या एका जुन्या पोस्टमनने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, “गुरुजी, वाचायचं आणि विसरायचं. पारावर बसलं की आपल्याला काहीच ठाऊक नसतं.” मी ते पाळलं. आजही त्यातलं काही इथे लिहिणार नाही. अहो, वाड्यात दहा बिऱ्हाडं असली तरी पलीकडच्या खोलीतलं भांडण ऐकू आलं नाही असं दाखवण्याची एक रीत होतीच ना? जागा कमी होती म्हणून खाजगीपण नव्हतं असं नाही, ते भिंतींऐवजी माणसांच्या वागण्यात होतं. सगळेच पाळत होते असं नाही, पण न पाळणाऱ्याला लोक ओळखून असत.

आता आमच्या भागाचा इतिहास. तेरखेडा, वाशी, कळंब हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. निजामाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. तिकिटावर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी असे चार लिपींतले मजकूर. पण ते तिकीट राज्याच्या हद्दीबाहेर चालत नसे. बाहेर पत्र पाठवायचं तर इंग्रजी टपालाचं तिकीट हवं. हा प्रकार १९५० मध्ये संपला. नातवाला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, “आजोबा, आत्ता तेच तर चाललंय! या अ‍ॅपवरचा निरोप त्या अ‍ॅपवर जात नाही.” खरंच की! ईमेल एका कंपनीचा असो वा दुसरीचा, कुठूनही कुठेही जातो. चॅटचं मात्र प्रत्येकाचं संस्थान वेगळं आणि तिकीट वेगळं. सगळे नातलग एकाच संस्थानात राहायला गेले की आपल्यालाही तिथेच जावं लागतं.

निजामाच्या काळात आपल्या लोकांनी काय केलं? आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. सरकारने त्यावर बंदी घातली की ते नव्या नावाने अंक काढत. नावावर बंदी घालता येते, लिहिणाऱ्या आणि वाटणाऱ्या माणसांच्या साखळीवर घालणं अवघड. पुढे १९४७-४८ मध्ये सरहद्दीपलीकडे, बार्शी-सोलापूरच्या बाजूला, मुक्तिसंग्रामाचे कॅम्प उभे राहिले. फेट्याच्या पदरात, भाकरीच्या चवडीत चिठ्ठ्या इकडून तिकडे जात असं वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे. चिठ्ठी नेणाऱ्याला पुढच्या गावचा एकच माणूस ठाऊक असायचा. तो पकडला गेला तरी सगळी साखळी हाती लागत नसे. स्वामी रामानंद तीर्थांना १५ ऑगस्ट १९४७ ला अटक झाली तरी लढा थांबला नाही, याचं एक कारण हेही असावं.

यंत्रातला असाच प्रयोग त्याच्या थोडं आधी मुंबईत झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९३९ मध्ये, हौशी रेडिओवाल्यांना आपापले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायचा हुकूम झाला होता. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी सुटे भाग जुळवून घेऊन काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहिया आणि आपले नगरचे अच्युतराव पटवर्धन त्यांच्या पाठीशी. प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर. पोलिसांची माग काढणारी गाडी फिरत असल्याने बिऱ्हाड सारखं हलवायचं. आष्टी-चिमूरला काय घडलं हे छापायची वर्तमानपत्रांना धास्ती होती, ते या रेडिओने सांगितलं. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावातल्या पारेखवाडीत धाड पडली. ठिकाण पोलिसांना कळलं ते त्यांच्याच तंत्रज्ञाकडून.

या हकिकतीतून दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, यंत्र कितीही हुशारीने लपवलं तरी शेवटी माणूस फुटतो. आजचे पासवर्डही बहुतेक वेळा फोन करून, गोड बोलून, माणसाकडूनच काढून घेतले जातात. आणि दुसरी गोष्ट, उषाताईंनी खटल्यात विचारलं, की प्रश्नांची उत्तरं देणं सक्तीचं आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. चार वर्षांची सक्तमजुरी घेतली. ‘मला काही लपवायचं नाही, मग मला प्रायव्हसी कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. न बोलण्याचा हक्क चोरालाच लागतो असं नाही.

स्वातंत्र्यानंतर आमच्याकडे फोन यायला फार वर्षं गेली. ट्रंक कॉल लावायचा तर ऑपरेटरच्या हातून, तोही ऐकणार हे गृहीत धरूनच बोलायचं. नंतर एसटीडी बूथ आले. तिथे लोक इतक्या मोठ्याने बोलत की पुण्यापर्यंत तारेची गरजच नसावी! पण राज्यकर्तेही फोन ऐकत होते, राजकीय माणसांचेही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला, की फोनवरचं बोलणं हा खाजगी आयुष्याचा भाग आहे. ऐकायचं तर गृहसचिवाच्या पातळीचा लेखी हुकूम हवा, त्याला मुदत हवी आणि वर पुनर्विलोकन समिती हवी. पुढे खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे का, हा मोठा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ ला त्यांनी एकमताने ‘होय’ म्हटलं. ही याचिका २०१२ मध्ये दाखल करणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. ‘आता या वयात आपण काय करणार’ म्हणणाऱ्या माझ्या समवयस्क ब्लॉगर मित्रांनी नोंद घ्यावी.

इथे एक गल्लत होते ती सांगतो. खाजगी असणं आणि विखुरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. संपर्क तुटलेल्या त्या मुलखात हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन आले आणि त्यांनी निरोपांची वाहतूक चालवली. त्यांचं जाळं कुठल्याही एक्स्चेंजवर अवलंबून नव्हतं. पण ते खाजगी मुळीच नव्हतं. संच असलेला कुणीही ऐकू शकतो आणि सांकेतिक भाषेत बोलायची त्यांना मुभा नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं याच्या उलट आहे. २०१६ पासून मजकूर दोन टोकांनाच उघडतो असं कुलूप त्याला आहे, पण जाळं सगळं एका कंपनीच्या हाती. पाकीट बंद, पण कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळा पाठवलं हे पत्त्यावरून आणि शिक्क्यावरून पोस्टाला कळतंच. शिवाय पोस्टच बंद ठेवलं तर? २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस शेजारच्या बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली तेव्हा तिथलं इंटरनेट बंद केलं होतं. कारण असेल, पण इंटरनेट बंद म्हटलं की आज चहाचे पैसे देणंही अडतं.

तेरखेड्याच्या माणसाला हे विखुरलेपण समजावून सांगायला लागत नाही. आमचं गाव फटाक्यांचं. दारूकामाच्या खोल्या एकमेकींना लागून बांधत नाहीत. मध्ये अंतर सोडायचं, एका खोलीत थोडाच माल आणि मोजकीच माणसं. एकीत ठिणगी पडली तर सगळा कारखाना जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि त्याची किंमत इथल्या लोकांनी पाहिलेली आहे. अमेरिकेत पॉल बॅरन नावाच्या अभियंत्याने १९६४ मध्ये हेच निरोपांच्या जाळ्याबद्दल मांडलं. एकच मध्यवर्ती केंद्र असेल तर शत्रूने ते उडवलं की सगळं संपलं, म्हणून अनेक ठिकाणी जोडलेलं जाळं विणा. इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या कल्पनांपैकी ही एक. आपण मात्र त्या विखुरलेल्या जाळ्यावर पुन्हा चार-पाच मोठी कोठारं बांधली आणि सगळा माल तिथेच नेऊन ठेवला!

विखुरलेल्या जाळ्याचे तोटेही आहेत, नातवाला ते ऐकायला आवडत नाहीत. पासवर्ड हरवला तर दाद मागायला खिडकी नाही. कुणी वाईट चित्रं फिरवली तर थांबवणार कोण? हुंडीच्या काळातही पेढी बुडाली की सामान्य माणूसच रडायचा. तेव्हा केंद्र नको म्हणणं सोपं, केंद्राची जबाबदारी वाटून घेणं अवघड.

राहिला फोन उघडण्याचा प्रश्न. एकेकाळी रेडिओ बाळगायला परवाना लागायचा, पोस्टात वर्षाला पैसे भरायचे. पण त्याचं मागचं झाकण काढून आत काय आहे ते पाहायला कुणाची आडकाठी नव्हती. आमच्या शाळेतल्या दोन-तीन मुलांनी तसं करतच पुढे दुकानं टाकली. आज नातू फोनचं कुलूप काढतो, तर वॉरंटी जाते आणि काही बँकांची अ‍ॅपं चालायला नकार देतात. बँकांची भीती समजते, उघडलेल्या फोनमध्ये चोर शिरणं सोपं होतं. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक बदलणं तर गुन्हाच आहे आणि तो असायलाच हवा, नाहीतर चोरीचे फोन सापडणार कसे? पण क्रमांक बदलणं वेगळं आणि आपल्याच यंत्रात काय चाललंय ते पाहणं वेगळं. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस केंद्राने नव्या फोनांत ‘संचार साथी’ हे अ‍ॅप आधीच घालून द्यायचा हुकूम कंपन्यांना दिला. हरवलेला फोन शोधायला ते उपयोगी आहे. पण सक्तीवर टीका झाली आणि ३ डिसेंबरला ती मागे घेतली. चांगली गोष्टसुद्धा विचारून घरात यावी, एवढंच लोकांचं म्हणणं होतं.

हे सगळं मी का लिहितोय? माझा एक जुना विद्यार्थी आहे. सोयाबीन हातचं गेलं म्हणून त्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून छोटं कर्ज घेतलं. घेताना ‘परवानगी द्या’ असं आलं, त्याने दिली. हप्ता चुकला आणि त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर फोन सुरू झाले. सासऱ्याला, मुलीच्या बाईंना, मलाही. तोंडात येईल ते बोलले. त्याचं कर्ज काही हजारांचं, पण तो महिनाभर बाजारात आला नाही, रस्त्यात मला पाहून वळून गेला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलं आहे की कर्जाच्या अ‍ॅपांनी फोनमधले नंबर, फोटो यांना हात लावू नये. पण नियम पाळणारे पाळतात, बाकीच्यांना पत्ताच नसतो.

त्याच्या आजीची पत्रं मी वाचलेली आहेत. त्यातही कर्ज होतं आणि ते मी विसरलो. यंत्राला विसरता येत नाही आणि विसरायची लाजही नाही. तेव्हा जे पूर्वी माणसाच्या रीतीने राखलं जायचं, ते आता कुलपाने, जाळ्याच्या बांधणीने आणि कायद्याने राखावं लागणार. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. होईल तेव्हा होईल.

तोवर नातलगांना हात जोडून विनंती. ग्रुपवर कुणाचा रिपोर्ट, कुणाच्या पोरीचा फोटो, कुणाची पत्रिका टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. अ‍ॅपने नंबरांची परवानगी मागितली तर आधी ‘नाही’ म्हणून बघा, बहुतेक वेळा काही अडत नाही. ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका (भाऊ चांगला आहे, पण फोनवर तोच आहे कशावरून?). आणि घरातल्या पोराने जुना फोन खोलला तर रागावू नका, चांगला फोन मात्र लपवून ठेवा!

असो. फारच लांबलं. तुमच्याकडे पत्रं वाचून देणारं कोण होतं, काय रीत होती, जरूर लिहा. पत्रात काय होतं ते मात्र लिहू नका.